विषाणू गेला, विंडोज मोडली : दुकानाचा संगणक पुन्हा उभा कसा करावा

पौड, पिरंगुट, घोटावडे, भूगाव या पट्ट्यात दुकाने आणि वर्कशॉप वाढली, तसा गल्ल्याशेजारी एक-एक संगणकही येऊन बसला. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाल्यापासून तर तो ठेवल्याशिवाय गत्यंतर राहिले नाही. हार्डवेअरवाल्याची बिले त्यात, फॅब्रिकेशनवाल्याची कोटेशने त्यात, शिवणकाम करणाऱ्याची मापे त्यात, आणि लग्नपत्रिका छापणाऱ्याची तर सारी दौलतच त्यात. हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क आपल्याच मुळशी तालुक्यात आहे. जगभरच्या कंपन्यांचे संगणक तेथून सांभाळले जातात. परंतु त्याच तालुक्यातल्या दुकानात विषाणू शिरला की सल्ला एकच मिळतो, "फॉरमॅट मारून टाका."

हा सल्ला दर वेळी चुकीचा असतो असे नाही. पुष्कळदा शेवटी तेच करावे लागते. चूक होते ती क्रमात. मशीन वीस-पंचवीस हजारांचे असते आणि त्यातली उधारीची यादी कित्येक लाखांची. रमजानच्या शेवटच्या पंधरवड्यात शिवणकामाच्या दुकानातली मापे आणि ऑर्डरी गेल्या, तर नवा संगणक आणून त्या परत येत नाहीत. म्हणून आधी माल बाहेर काढायचा, मग आग विझवायची, आणि भिंती नंतर बांधायच्या. या लेखात हीच कामे थोडी खोलात जाऊन पाहू. यांतली बरीचशी आपली आपण करता येतात. जी करता येत नाहीत, ती करणाऱ्या कारागिराला काय विचारावे एवढे तरी समजेल.

विषाणूच आहे का, हे आधी पाहावे

मुळशी धरणाचे पाणी खाली भिऱ्याला जाऊन वीज तयार करते, आणि इकडे पावसाळ्यात आपल्याच पेठेत वीज ये-जा करीत असते. विंडोज काही लिहीत असताना वीज गेली तर तिच्या फायली अर्धवट राहतात व दुसऱ्या दिवशी निळा पडदा येतो. हा विषाणू नव्हे. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येणे, एखादी फाइल उघडताना मशीन मिनिटभर गोठणे, हेही विषाणूचे लक्षण नाही. डिस्क मरायला टेकली आहे, तिच्यावर तासन्‌तास विषाणू शोधत बसाल तर ती त्यातच जाईल. अशा वेळी सर्वप्रथम नक्कल काढावी.

विषाणूची लक्षणे वेगळी असतात. अँटिव्हायरस आपोआप बंद झालेला असतो व चालू होत नाही. टास्क मॅनेजर उघडू पाहावा तर 'व्यवस्थापकाने बंद केला आहे' असा संदेश येतो, आणि दुकानात व्यवस्थापक म्हणजे आपणच! पेनड्राइव्हमधले फोल्डर नाहीसे होऊन त्याच नावाचे शॉर्टकट दिसतात. बँकेचे पान उघडावे तर भलतेच पान येते. किंवा सर्व फायलींच्या नावापुढे अनोळखी शेपूट लागलेले असते व पैशाची मागणी करणारी चिठ्ठी पडद्यावर असते.

यांपैकी काही दिसले की नेटची वायर काढावी, वायफाय बंद करावे. दुकानात दोन-तीन मशीन एकमेकांना जोडलेली असतील तर तीही सोडवावी. डिजिटल सहीचे टोकन लावलेले असेल तर ते काढून घ्यावे. आणि त्या मशीनवर बँकेचा पासवर्ड टाइप करू नये, 'फक्त एकदा बॅलन्स बघतो' म्हणूनसुद्धा नाही.

माल बाहेर काढणे

बिघडलेली विंडोज चालू ठेवून तिच्यातच पेनड्राइव्ह लावून नक्कल करणे म्हणजे विषाणूला दुसऱ्या घराची वाट दाखवणे. त्याऐवजी दुसऱ्या, निरोगी मशीनवर लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार करून घ्यावा व आजारी मशीन त्यावरून सुरू करावे. लिनक्स फुकट मिळते. विंडोज त्या वेळी झोपलेली असते, म्हणून तिच्यातला विषाणूही झोपलेला असतो. मग बाहेरच्या डिस्कवर हवे ते उतरवून घ्यावे.

येथे एक अडचण हल्ली वारंवार येते. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कला आपोआप कुलूप लावलेले असते. त्याला बिटलॉकर म्हणतात. असे मशीन लिनक्सवरून सुरू केले तर डिस्क उघडत नाही आणि ४८ अंकी किल्ली लागते. ती बहुधा मशीन सुरू करताना दिलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. विकत घेताना दुकानदाराने स्वतःच्याच ईमेलवर खाते काढून दिले असेल, तर किल्ली त्याच्याकडे! मशीन धडधाकट असतानाच ही किल्ली कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावी.

काय काय उतरवावे? डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स तर सारेच घेतात. विसरतात ते वेगळे. टॅलीचा डेटा डॉक्युमेंट्समध्ये नसतो. टॅलीत कंपनी निवडताना डेटाचा जो रस्ता पडद्यावर दिसतो त्या ठिकाणी आकड्यांच्या नावाचे फोल्डर असतात. प्रत्येक फोल्डर म्हणजे एक कंपनी. ते पूर्ण फोल्डर उचलावे, आतल्या सुट्या फायली नव्हे. छापखानेवाल्यांनी विंडोजचे फॉन्ट्स फोल्डर घेतलेच पाहिजे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेले काम तो फॉन्ट नसेल तर निव्वळ अगम्य चिन्हे दिसते. वीस वर्षांच्या पत्रिका आणि पावतीपुस्तके समोर असून वाचता येत नाहीत.

.ईएक्सई शेपटाच्या फायली मात्र घेऊ नयेत. कागदपत्रे, चित्रे, डेटा घ्यावा. प्रोग्राम पुन्हा टाकता येतात.

पेनड्राइव्हमधले फोल्डर गायब झाले असतील तर घाबरून तो फॉरमॅट करू नये. माल तेथेच असतो. विषाणूने त्यावर 'लपवा' आणि 'सिस्टीमची फाइल' असे दोन शिक्के मारलेले असतात आणि पुढे खोटे शॉर्टकट ठेवलेले असतात. शॉर्टकटवर टिचकी मारली की विषाणू चालतो व त्याच क्षणी खरे फोल्डरही उघडून दाखवतो, त्यामुळे महिनोन्‌महिने कुणाला संशय येत नाही. स्वच्छ मशीनवर काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडून इंग्रजी अक्षरांत लिहावे : अ‍ॅट्रिब, वजा एच, वजा आर, वजा एस, तिरपी रेघ एस, तिरपी रेघ डी, आणि शेवटी पेनड्राइव्हचे अक्षर, कोलन, उलटी तिरपी रेघ, तारा टिंब तारा. प्रत्येक शब्दानंतर एक जागा सोडावी, शेवटचा तुकडा मात्र सलग लिहावा. एंटर मारल्यावर फोल्डर परत दिसू लागतील. मग शॉर्टकट पुसावेत.

अँटिव्हायरसने मारले, पण मशीन चालेना

आता खरा विषय. अँटिव्हायरस चालवला, 'इतके धोके काढले' असा हिरवा संदेश आला, आणि त्यानंतर मशीन आधीपेक्षा जास्त बिघडले, असे होते. ग्राहक म्हणतो, अँटिव्हायरसनेच वाटोळे केले. वस्तुस्थिती अशी की विषाणू मरताना आपली खुंटी भिंतीतच ठेवून जातो.

एक उदाहरण. आपण कोणत्याही प्रोग्रामवर टिचकी मारतो तेव्हा विंडोज आपल्या रजिस्ट्री नावाच्या वहीत पाहते की .ईएक्सई फाइल कशी उघडावी. काही विषाणू त्या ओळीत स्वतःचे नाव आधी घालतात : पहिला मान माझा, मग प्रोग्राम. अँटिव्हायरस विषाणूची फाइल पुसतो, वहीतली ओळ तशीच राहते. परिणामी कोणताच प्रोग्राम उघडत नाही. पहारेकरी मेला पण दाराची किल्ली त्याच्या खिशात राहिली. विंडोज एक्सपीच्या दिवसांत याचाच एक प्रकार फार पाहायला मिळे. नाव-पासवर्ड टाकला की मशीन आत घेई आणि लगेच बाहेर काढी, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. लॉगिननंतर चालणारी युजरइनिट नावाची फाइल विषाणूने बदललेली असे व अँटिव्हायरसने ती बदललेली फाइल उडवलेली असे. सीडीवरून मूळ फाइल जागेवर ठेवली की दहा मिनिटांत काम होई. त्यासाठी कित्येकांनी सबंध डिस्क फॉरमॅट करून घेतल्या.

नेटचेही असेच. विषाणू गेल्यावर नेट बंद पडले तर तीन ठिकाणे पाहावीत. सेटिंगमध्ये प्रॉक्सी सर्व्हर चालू राहिला आहे का; दुकानात त्याची गरज नसते, बंद करावा. डीएनएसचा पत्ता कुणी हाताने घातला आहे का. तो 'आपोआप' वर आणावा. आणि सिस्टीम३२ मधल्या ड्रायव्हर्स, त्यातल्या ईटीसी फोल्डरात होस्ट्स नावाची छोटी फाइल असते. तिच्यात बँकेचे किंवा अँटिव्हायरस कंपनीचे नाव दिसले तर ती ओळ विषाणूने घातली आहे असे समजावे.

डीएनएसची ही गोष्ट किरकोळ वाटेल, म्हणून एक प्रसंग सांगतो. डीएनएसचेंजर नावाच्या विषाणूने जगभरच्या लाखो संगणकांचे हे पत्ते बदलून ते चोरांच्या सर्व्हरकडे वळवले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने टोळी पकडली. पण चोरांचे सर्व्हर तडकाफडकी बंद केले असते तर त्या सर्व लोकांचे नेट एका क्षणात गेले असते! म्हणून कोर्टाच्या परवानगीने त्यांच्या जागी चांगले सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवले, तोवर लोकांनी आपली मशीन दुरुस्त करावीत म्हणून. आरोपी अटकेत होते आणि बिघाड घराघरांत शिल्लक होता.

या खुंट्या काढून झाल्या, तरी विंडोजच्या स्वतःच्या फायली खराब असू शकतात. आधी एक तपासणी विंडोजबाहेरून करावी. विंडोज १० व ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरची 'ऑफलाइन' तपासणी आहे. मशीन बंद होऊन सुरू होते व विंडोज जागी होण्याआधीच पाहणी करते. त्यानंतर दोन आज्ञा आहेत. काळी खिडकी व्यवस्थापकाच्या अधिकाराने उघडावी. पहिली : डीआयएसएम, तिरपी रेघ ऑनलाइन, तिरपी रेघ क्लीनअप-इमेज, तिरपी रेघ रिस्टोअरहेल्थ. दुसरी : एसएफसी, तिरपी रेघ स्कॅननाऊ. येथेही प्रत्येक तिरप्या रेघेआधी एक जागा. क्रम उलटा करू नये. एसएफसी मोडलेल्या फायली बदलते, पण नव्या फायली ती विंडोजच्याच कोठारातून घेते. कोठारातलाच माल नासलेला असेल तर नासका सुटा भाग काढून नासका बसवल्यासारखे होईल. डीआयएसएम ते कोठार दुरुस्त करते, आणि त्यासाठी सामान्यतः नेटवरून चांगल्या फायली मागवते. म्हणून या टप्प्याला नेट जोडावे लागते, आणि म्हणूनच हा टप्पा विषाणू मेल्यानंतरचा. मध्येच टक्क्यांचा आकडा बराच वेळ थबकतो. मशीन अडकले समजून बटण दाबू नये. चहा घेऊन यावे. आणि हे काम यूपीएस लावूनच करावे, कारण वर सांगितलेच आहे.

एवढ्याने भागले नाही तर आणखी एक मधली वाट आहे, जी आपल्याकडे फारसे कुणी करीत नाही. विंडोजचा मूळ संच स्वच्छ मशीनवर उतरवून घ्यावा व आजारी मशीन चालू असतानाच त्यातला सेटअप चालवावा. 'फायली आणि प्रोग्राम तसेच ठेवा' हा पर्याय निवडला की विंडोज पूर्ण नवी बसते आणि टॅली, प्रिंटर, फॉन्ट जागेवर राहतात.

आंधळी दुरुस्ती

पूर्वी डॉसच्या जमान्यात विषाणू फ्लॉपीवरून येत व डिस्कच्या अगदी पहिल्या खणात जाऊन बसत. मायकेलअँजेलो हा त्यातला बदनाम. वर्षभर गप्प बसे आणि ६ मार्चला मशीन सुरू केले की डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहून टाकी. पहिला खण साफ करायला दुरुस्तीवाले एफडिस्क एमबीआर ही आज्ञा डोळे मिटून देत. मंकी नावाचा विषाणू असेल तर हीच आज्ञा घातक ठरे : तो डिस्कच्या वाटणीचा तक्ता स्वतःजवळ सांकेतिक करून ठेवी, म्हणजे तो होता तोवर डिस्क वाचता येई आणि आज्ञा दिली की सगळीच दिसेनाशी होई. कोणता विषाणू आहे हे न पाहता औषध देऊ नये हे त्या वेळच्या कारागिरांना असे महागात शिकावे लागले.

पुण्याच्या क्विक हीलची सुरुवात त्याच काळातली. रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून दुरुस्तीच्या कामाला लागले, कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत संगणकाकडे वळले. दुरुस्तीला येणारी मशीन विषाणूने बिघडलेली असत. धाकटे बंधू संजय यांनी, जे संगणकाचे शिक्षण घेत होते, ते साफ करण्याचे प्रोग्राम लिहिले, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यास त्यातून क्विक हील बाजारात आले. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या त्यांच्या कंपनीचे २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज असे नामांतर झाले व २०१६ मध्ये ती शेअर बाजारात गेली. दुरुस्तीच्या टेबलावर जे रोज दिसते ते नीट पाहणाऱ्याला काय सापडू शकते, ते आपल्या कारागीर मुलांनी पाहावे म्हणून हे लिहिले.

फॉरमॅट कधी करावेच

मशीनमधील शेकडो प्रोग्रामच्या फायलींत शिरणारा सॅलिटीसारखा विषाणू असेल, पासवर्ड चोरणारा असेल, किंवा ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात तेच बाधित झाले असेल, तर माझे मत स्पष्ट आहे : दुरुस्तीत वेळ घालवू नये, माल काढून झाला की विंडोज नव्याने टाकावी. 'आता ठीक चालते' याचा अर्थ 'आत कुणी नाही' असा होत नाही.

पण टाकायची तर नीट. आपल्याकडे सी ड्राइव्ह पुसतात व डी ड्राइव्ह 'त्यात फक्त डेटा आहे' म्हणून ठेवतात. त्याच डी मध्ये जुन्या प्रिंटरचे, गाण्यांच्या प्लेअरचे सेटअप पडलेले असतात, बाधित झालेले. आठ दिवसांनी कुणीतरी प्रिंटर टाकायला तो सेटअप उघडतो आणि पाहुणा परत! उतरवलेला माल दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिल्यानंतर, बिले खरोखर दिसली म्हणजे, साऱ्या वाटण्या काढून टाकून कोरी डिस्क करावी. मशीनबरोबर अस्सल विंडोज आली असेल तर ती पुन्हा टाकल्यावर नेटवर आपोआप मान्य होते. नव्याने पैसे द्यावे लागत नाहीत.

फुकटात मिळालेल्या विंडोजबद्दल स्पष्ट बोलावे लागेल. तिला चालू करणारे जे 'अ‍ॅक्टिव्हेटर' मिळतात, ते पहिली सूचना देतात की अँटिव्हायरस बंद करा. दार आपणच उघडून दिल्यावर कोण आले कोण गेले हे कसे सांगणार? गंमत अशी की पीसीवरचा पहिला विषाणू म्हणून ज्याचे नाव घेतात तो 'ब्रेन' १९८६ मध्ये लाहोरच्या दोन दुकानदार भावांनी, बासित आणि अमजद फारूक अल्वी यांनी, आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या नकला करणाऱ्यांना धडा शिकवायला लिहिला होता. त्यात त्यांनी आपले नाव, पत्ता व फोन नंबरही घातला होता! तसेच, विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मायक्रोसॉफ्टची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती मिळणे थांबले आहे. नव्याने टाकायचीच तर मशीनला पेलत असल्यास ११ टाकावी. पेलत नसेल आणि काम बिले व पत्रे एवढेच असेल तर लिनक्सचाही विचार करावा.

खंडणीखोर विषाणू, आणि वीज गेल्यामुळे वाचलेला संगणक

फायलींना कुलूप लावून पैसे मागणारा विषाणू असेल तर विंडोज दुरुस्त करून कुलूप उघडत नाही. पैसे देऊ नयेत. बंद फायली पुसूही नयेत; वेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात. युरोपोल व डच पोलिसांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमात काही जातींच्या कुलपांच्या किल्ल्या फुकट मिळतात. आज नसली तरी पुढे मिळू शकते.

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय जगभर पसरला. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी अपडेट बंद ठेवले होते ते सापडले. पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ ला, नॉटपेट्या आला. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेल्या या विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक पाडले व आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटीतील गेटवे टर्मिनल्सचे कामही ठप्प झाले. तो खंडणी मागत होता खरा, पण पैसे देऊनही फायली परत मिळणे शक्य नव्हते.

मर्स्कने पुढे सांगितले की दहा दिवसांत त्यांनी ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे केले. अडचण एकच होती. कोणत्या माणसाला कुठे प्रवेश आहे याची नोंदवही ठेवणारे सर्व्हर सर्वत्र होते, ते एकमेकांची नक्कल ठेवीत, आणि म्हणूनच ते सर्व एकाच वेळी नष्ट झाले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घानामध्ये. विषाणू आला तेव्हा तेथे वीज गेलेली होती! त्या एका बंद मशीनमधल्या नकलेवरून सारे परत बांधले गेले.

आपल्या दुकानात बॅकअपची डिस्क दिवसरात्र मशीनला लावून ठेवलेली असते. विषाणूला ती दुसरा ड्राइव्ह म्हणूनच दिसते व तिलाही कुलूप लागते. दोन डिस्क घ्याव्यात, आलटून पालटून वापराव्यात. एक दुकानात सोडवून कपाटात, दुसरी घरी. मशीन दुरुस्त झाल्यावर बँक, ईमेल व जीएसटीचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदलावेत. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. तास-दोन तासांचा उशीरही नडतो. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रातर्फे साफ करण्याची काही साधने फुकट दिली जातात, तीही पाहावीत.

आणि महिन्यातून एकदा, शक्यतो दुकान बंद असेल त्या दिवशी, घरची डिस्क दुसऱ्याच एखाद्या मशीनला लावून टॅलीचा बॅकअप तेथे उघडून पाहावा. मागच्या आठवड्यातले एखादे बिल काढावे व हातातल्या कार्बन प्रतीशी रक्कम ताडून घ्यावी.